दूर म्हणजे कुणापासून?

महाराष्ट्रात सरकारी नोकराला घाबरवायला एक वाक्य पुरतं. "गडचिरोलीला पाठवीन!" सिनेमात, नाटकात, कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे ते ऐकलंय. ऐकणारे हसतात. मी आरमोरीत वाढलेला, तरी मीही कधीकधी हसतो (विनोद जुना झाला की माणूस सवयीनं हसतो, दुसरं काय!). पण नंतर डोक्यात तेच घोळत राहतं. जिथं दहा लाखांवर माणसं जन्मतात, शाळेत जातात, लग्नं करतात, म्हातारी होतात, तो जिल्हा बाकीच्यांच्या लेखी शिक्षा कसा काय झाला?

आज हे लिहायचं कारण घरचंच आहे. ताईची मुलगी डॉक्टर झाली आणि तिला पहिली नेमणूक मिळाली एटापल्ली तालुक्यात. आदेश आल्यापासून फोन थांबलेले नाहीत. "कुणाची ओळख असेल तर बघा ना." "मुलीला एवढ्या दूर कसं पाठवायचं?" "तिकडं म्हणे रात्री बाहेर पडता येत नाही." आत्याबाईंनी तर नवस बोललाय असं कळलं! प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. जायचं की नाही ते ती ठरवेल, शहाणी आहे. मला बोलायचंय ते त्या "दूर" या शब्दाबद्दल.

आधी थोडा भूगोल. कंटाळा करू नका, पुढं लागणार आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग करून गडचिरोली जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२. एका चौरस किलोमीटरमध्ये ७४ माणसं. त्याच वेळी सगळ्या महाराष्ट्राची सरासरी होती ३६५. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. आकार उभा, लांबट. उत्तरेच्या कोरचीहून दक्षिणेच्या सिरोंच्याला जायचं तर तीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो, आणि तेवढं करूनही तुम्ही त्याच जिल्ह्यात असता. मुख्यालय गडचिरोली उत्तरेकडे, त्यामुळे सिरोंच्याच्या माणसाला जिल्हा कचेरीत एक कागद द्यायचा म्हटलं तरी दोनेकशे किलोमीटर एका बाजूनं.

सीमा बहुतेक नद्यांच्या. पश्चिमेला वैनगंगा वाहते. तिला वर्धा येऊन मिळाली की पुढं तिचं नाव प्राणहिता, आणि पलीकडे तेलंगण. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीला मिळते. आग्नेयेला इंद्रावती, पलीकडे छत्तीसगड. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांचा संगम आहे. दिसायला इतका सुंदर की बघत राहावं. पण वर्षानुवर्षं पावसाळ्यात पर्लकोटेचा जुना पूल पाण्याखाली गेला की भामरागड तालुका जगापासून तुटायचा. कधी एका पावसाळ्यात चार-पाच वेळा.

आता गंमत बघा. सिरोंचा मुंबईहून हजार किलोमीटरहून लांब. पण गोदावरी ओलांडली की समोर कालेश्वरम. सिरोंच्याची माणसं तेलुगू बोलतात, सोयरिकी नदीपलीकडे करतात, मोठं दुखणं आलं तर वरंगळ किंवा करीमनगर गाठतात. पूल नव्हते तेव्हा नावेनं जायचे, आता पुलावरून जातात. इंग्रजांच्या काळात सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय होतं. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडला आणि हा भाग चांद्याला जोडला गेला. पुढं १९५६ पर्यंत हे सगळं मध्य प्रांत आणि मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. गाव जागचं हललं नाही. राजधानी मात्र नागपूरहून मुंबईला गेली, आणि सिरोंचा आपोआप "दूर" झालं.

जिल्ह्यात मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगडी आणि बंगालीही चालते. हो, बंगाली! पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना मुलचेरा, चामोर्शी भागात वसवलं होतं, त्यांची गावंच्या गावं तिथं आहेत. एवढी सरमिसळ असलेली जागा नकाशाच्या कडेला असते म्हणून तिला कोपरा म्हणायचं. खरं तर तो चौक आहे.

आमच्या बाजूचा, म्हणजे उत्तरेकडचा भाग धानाचा. याला झाडीपट्टी म्हणतात. माजी मालगुजारी तलाव (आम्ही लाडानं "मामा तलाव" म्हणतो), बांध्या, पावसाळ्यात चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया, आरमोरीचं कोशाचं कापड. दिवाळी सरली की गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटकं. वडसा हे त्या झाडीपट्टी रंगभूमीचं गाव. तिथून नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि कित्येक घरांचं वर्ष त्यावर निघतं. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या मित्रानं विचारलं, "अरे, ही रंगभूमी कुठली?" मी म्हटलं, ये एकदा डिसेंबरात, ब्लँकेट घेऊन.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या तासाला त्यांचा वर्ग अर्धा रिकामा असायचा. मोहफुलं पहाटे पडतात, आणि परीक्षाही नेमक्या त्याच दिवसांत. पोरं अंधारात आईबरोबर जंगलात जाऊन मोह वेचायची आणि मग शाळेत यायची, हातांना तो गोडसर उग्र वास घेऊन. बाबा उशिरा येण्याबद्दल कधी रागावले नाहीत. म्हणायचे, त्यांच्या घरात ही सुगी आहे, पंचनामा काय करायचा! मोहानंतर तेंदूपत्ता. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फडीवर नेऊन द्यायची. भर उन्हाळ्यातल्या त्या थोड्याशा दिवसांत हातात येणाऱ्या रोख पैशावर पोरांच्या वह्या, घराची कौलं, मुलीचं लग्न, सगळं.

यावरून जिल्हा गरीब असं वाटेल. सरकारी कागदांत तो मागासच आहे. पण इथून काय काय बाहेर जातं ते एकदा मोजून बघा.

आलापल्लीचं सागवान इंग्रजांच्या काळापासून जातंय. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून मिरवणुकीनं सागवान निघालं, ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतलं. इथला बांबू कित्येक दशकं बल्लारपूरच्या कागद गिरणीत जात होता. तुमच्या-माझ्या शाळेच्या वहीत गडचिरोलीचं जंगल असण्याची बरीच शक्यता आहे! तेंदूपत्ता विडीसाठी जातो. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज जातं. आणि नद्यांचं पाणी तर जातंच.

म्हणजे सागवान, बांबू, पत्ता, लोखंड, पाणी, यांतल्या कशालाच गडचिरोली दूर पडली नाही. सगळ्यांना वाट सापडली. आत येणाऱ्या गोष्टींना मात्र सापडत नाही. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हणावं तर एक वडसा. तिथून गडचिरोलीपर्यंतचा लोहमार्ग फक्त ५२ किलोमीटरचा, पण मंजुरी मिळून दहा-बारा वर्षं उलटली तरी काम रेंगाळत राहिलं. तुलतुली, कारवाफा हे सिंचन प्रकल्प १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात अडकले ते अडकलेच. जंगल वाचायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांनी ते राखलं त्यांना दुबार पिकाचं पाणी का मिळालं नाही, आणि त्याबदल्यात काय मिळालं, हे कुणी विचारायचं?

मेडीगड्डा घ्या. गोदावरीवर, सिरोंच्याला लागून तेलंगणनं कालेश्वरम प्रकल्पाचं धरण बांधलं. २०१६ मध्ये दोन राज्यांत करार झाला, २१ जून २०१९ ला थाटात उद्घाटन. पाणी तिकडच्या शेतांसाठी, आणि पाणी फुगलं की बुडायच्या जमिनी इकडच्याही. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना भूसंपादनासाठी, मोबदल्यासाठी उपोषणं करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या धरणाचे काही खांबच खचले. ज्यांची शेतं गेली त्यांना करार करताना कुणी बोलावलं होतं का? करार मुंबईत झाला. सिरोंचा दूर पडलं.

माझ्या मते सगळ्याचं मूळ इथं आहे. दूर म्हणजे किलोमीटर नव्हे. तुमच्या गावाबद्दलचा निर्णय तुमच्यापासून किती लांब बसून घेतला जातो, ते खरं अंतर. रस्ता झाला, पूल झाला, बस आली तरी हे अंतर कमी होईलच असं नाही.

ते कमी करता येतं याचं उदाहरण मात्र याच जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं शंभरेक घरांचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. गोंडीत "मावा नाटे मावा राज". देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही दोन नावं या कामाशी जोडलेली (मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले). तिथं ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एकाचं जरी पटत नसेल तरी थांबतात, पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण निर्णय झाला की तो कुणी मोडत नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्यांपैकी एक. तरी बांबू विकता येईना! कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू "झाड" होता, आणि झाड म्हटलं की खात्याचं. नवा कायदा म्हणत होता की बांबू गौण वनोपज आहे, गावाचा. वनस्पतीशास्त्र सांगतं की बांबू हे गवत. पण गवताला गवत म्हणवून घ्यायला मंत्री यावे लागले. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग गावानं स्वतः बोली लावून बांबू विकला आणि कोटीच्या घरातली रक्कम गावात आली. मजुरी गावानं ठरवली, किती तोडायचा आणि किती राखायचा तेही गावानंच ठरवलं.

बांबू तोच, जंगल तेच, माणसंही तीच. बदललं काय? परवान्याच्या पुस्तकावर सही कुणाची, एवढंच.

त्यानंतर जिल्ह्यात तेराशेहून जास्त गावांना असे सामूहिक वनहक्क मिळाले. कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करू लागल्या. सगळं गोड नाही बरं. काही ठिकाणी कंत्राटदारांनी पैसे थकवले, काही गावांत हिशोबावरून भांडणं झाली. पण हिशोबावरून भांडायला हिशोब आपल्या हातात असावा लागतो. तेंदूच्या पुडक्यांचा भाव आधी कोण ठरवायचं, हे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना विचारून बघा.

आता फोनवरचा तो दुसरा मुद्दा, भीतीचा. तो मी टाळणार नाही. १९८० च्या सुमारास प्राणहिता ओलांडून नक्षलवादी इकडं आले आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं जिल्ह्यानं रक्त बघितलं. पोलीस मेले, नक्षलवादी मेले, आणि दोघांच्या मध्ये सापडून गावकरी मेले, कधी खबऱ्या म्हणून, कधी भलत्याच संशयानं. ते दिवस बदलले आहेत. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्याआधी जानेवारीत एटापल्लीच्या आतल्या भागात, वांगेतुरीच्या वाटेवर पहिल्यांदा एसटी धावली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! शहरात बस पाच मिनिटं उशिरा आली तर आपण घड्याळ बघतो...

म्हणजे बंदूक मागं हटते आहे. पुढं काय येणार, हा आजचा प्रश्न. आणि तोही एटापल्लीतच उभा आहे.

सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते, लांबलांबून माडिया, गोंड लोक चालत येतात. त्याच डोंगरात उत्तम प्रतीचं लोखंड. ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी तिथं पाऊणशेहून जास्त वाहनं जाळली. २०२१ पासून खाण जोरात चालू झाली, २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाला मंजुरी मिळाली, २०२५ मध्ये ती दोन कोटी साठ लाख टनांवर गेली. खनिजाचा लगदा हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत नेणारी ८५ किलोमीटरची वाहिनीही २०२५ मध्ये सुरू झाली. ८५ किलोमीटर! वडसा-गडचिरोली रेल्वेपेक्षा जास्त, आणि तिच्या आधी.

इथं मला सोपं उत्तर देता येत नाही. कारखान्यामुळे स्थानिक पोरांना नोकऱ्या मिळाल्या, पगार घरी येतात, हे खरं आहे आणि त्याला नाकं मुरडणारे सहसा स्वतः पगारावर जगणारे असतात. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्यांची चाळण केली, अपघात झाले, डोंगराखालच्या ओढ्यांना लाल गाळ आला, हेही खरं. २०२३ मध्ये तोडगट्टा इथं आजूबाजूच्या गावांनी खाणींविरुद्ध महिनोन्महिने ठिय्या दिला. काहींनी रस्त्यालाही विरोध केला तेव्हा लोक म्हणाले, "बघा, यांना विकासच नको." पण बाळंतिणीला नेणारी रुग्णवाहिका आणि खनिजाचा ट्रक यांच्यासाठी रस्ता तोच असतो. आधी कोण येणार, आणि ते कुणाला विचारून, एवढंच ती माणसं विचारत होती. मेंढ्याला बांबूबद्दल जो अधिकार मिळाला, तो सुरजागडच्या गावांना लोखंडाबद्दल मिळाला का? माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

भाचीसाठी म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत काम केलं. ३९ गावांत, साध्या गावातल्या बायांना शिकवून, नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची पद्धत बसवली. बालमृत्यू किती झाले ते आधी नीट मोजलं, मग उपाय केला, मग पुन्हा मोजलं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून आशाताईंमार्फत ही पद्धत देशभर गेली. आज कुठल्याही खेड्यात बाळंतिणीच्या घरी आशाताई बाळाचं वजन करायला येते, तेव्हा ती गडचिरोलीत शिकलेली गोष्टच करत असते. भामरागडच्या हेमलकशात तर डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ पासून. तेव्हा ना वीज होती, ना रस्ता.

त्यांच्याशी तुलना करून पोरीवर ओझं टाकायचं नाहीये. तिनं दोन वर्षं नीट ओपीडी केली, माडियाचे पन्नास शब्द शिकली, रक्त कमी असलेल्या बाया आणि मलेरियाच्या गोळ्या यांचा हिशोब चोख ठेवला, तरी पुष्कळ झालं. गडचिरोलीत वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये परवानगी मिळालीय. पुढंमागं एटापल्लीचीच एखादी मुलगी डॉक्टर होऊन त्याच खुर्चीत बसेल, तेव्हा ती नेमणूक "शिक्षा" नसेल, घराजवळची नोकरी असेल. तोपर्यंत कुणीतरी ती खुर्ची भरलेली ठेवायला हवी ना?

तेव्हा मंडळी, ओळखी काढण्याआधी एक करा. घरातला महाराष्ट्राचा नकाशा नको, भारताचा काढा. एटापल्लीवर बोट ठेवा आणि भोवती गोल फिरवा. रायपूर, नागपूर, वरंगळ, जगदलपूर... सगळं आजूबाजूलाच सापडेल. देशाच्या कडेला नाही, जवळजवळ पोटातच आहे ते. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला, त्यांना सीमा लागलीच नाही. ती लागते ती फायलीला, मोबदल्याच्या अर्जाला, परवान्याच्या पुस्तकाला. ती कमी करायला डांबर पुरणार नाही. सहीचा अधिकार गावात यावा लागेल.

असो. लांबलं बरंच. तुमच्यापैकी कुणी तिकडं नोकरी केली असेल तर जरूर लिहा, विशेषतः माडिया कशी शिकलात ते. आणि आत्याबाई, नवस फेडायचाच असेल तर ठाकूरदेवाच्या यात्रेला चला. जानेवारीत थंडी मस्त असते.